प्रस्ताव सतरा, आवृत्ती चौथी

मोन्तेविदेओत मे महिन्यात वारा नदीवरून येतो.
नदी म्हणायचं आपलं; पलीकडचा काठ इथून दिसत नाही.
सभागृहाच्या काचा थडथडतात
आणि मी, नोंदी ठेवणारी, लिहिते:
सकाळचे दहा. उपस्थिती एकशे बारा.

पत्ते संपत आलेत.
घरांचे नव्हेत, यंत्रांचे.
चार आकडे, मध्ये तीन ठिपके.
ज्यांनी आधी पानं मांडली त्यांच्या पानात ढीग पडला,
आता पातेल्याच्या तळाशी खरवड.
ती कुणाला, किती, एवढाच विषय.

सुल्मा आयाविरी ल्याल्याग्वाहून आलीय,
बोलिव्हियातलं खाणीचं गाव, चार हजार मीटरवर.
तिच्या सहकारी संस्थेची तीनशे चाळीस घरं
एकाच पत्त्याआड दाटीवाटीने राहतात.
एखाद्याच्या पोराने कुठे खोडी काढली
की अख्ख्या गावाच्या तोंडावर दार बंद.

तिचा प्रस्ताव सतरावा. मूळ मजकूर सहा ओळींचा:
ज्याला आजवर काहीच मिळालं नाही, त्याला आधी.
एका वेळी हजार नकोत, दोनशे छप्पन द्या.

आमच्याकडे कुणीही मांडावं. पद लागत नाही.
मग बाकीच्यांनी त्यात नख घालून बघावं.
मतं मोजत नाहीत, हरकती तोलतात.
एकाच माणसाची हरकत खरी निघाली
तर नव्वद हात खाली.
हे मला आवडतं. याच्यामुळेच माझी झोप उडते.

पहिल्या आवृत्तीवर साओ पावलोचे एक गृहस्थ म्हणाले,
इतके बारीक तुकडे केलेत तर राउटरांच्या तक्त्या फुगतील.
दुसरीवर कुणी म्हणालं, जुन्याचा हट्ट कशाला,
नवे लांबलचक पत्ते पडलेत की पोत्याने!
सुल्मा म्हणाली, आमच्या दवाखान्यातल्या
क्ष-किरण यंत्राला तेवढं समजावून सांगा.
सगळे हसले. ती हसली नाही.
तिसरीत एक कलम शिरलं.
कुणी घातलं ते माझ्या वहीत आहे, इथे नाही सांगत.
‘दोन वर्षांचा हिशेब दाखवू शकणाऱ्यांनाच.’
वाजवी वाटलं. तिच्याकडे तर नऊ वर्षांचा होता.

आज चौथी.
अध्यक्ष आन्सेल्मो तेचेरा, काखेत थर्मास,
येर्बाचा कडू घोट गिळून विचारतात:
कुणाची हरकत?
नाही.
दुभाष्यांच्या काचेच्या खोलीतही शांतता.
पेनाचं टोपण माझ्या दातात,
आणखी अर्धं मिनिट आणि मी ‘सहमती’ लिहिणार,
तोच मायक्रोफोनपुढे सुल्मा.
माझी आहे, म्हणाली.

तुमच्याच प्रस्तावावर?

‘काल रात्री ताराबुकोहून फोन आला. एल्मेर नावाचा मुलगा.
पाच आठवड्यांपूर्वी त्याने गावात तार ओढलीय.
हिशेब मागाल तर वही दाखवेल, कोरी.
या कागदाने मला मिळेल,
आणि माझ्या मागे कडी लागेल.
मग हा माझा कसा?’

तेचेरा मऊ आवाजात म्हणाले, आज होऊ दे,
पुढच्या वर्षी दुरुस्ती आणू.
पुढच्या वर्षी खरवडही उरणार नाही
हे एकशे बारा जणांना ठाऊक होतं.

नियमावलीत एक ओळ आहे, सहसा कुणी वाचत नाही:
मांडणाऱ्याला प्रस्ताव केव्हाही मागे घेता येईल,
कारण देण्याची गरज नाही.
तिने कारण दिलं होतं.
ते रकान्यात मावलं नाही.
‘मागे घेतला’ एवढंच मावलं.

जेवणाच्या सुट्टीत ती काठावरच्या रस्त्यावर उभी,
शाल वाऱ्याशी झटतेय.
आत कुणी म्हणालं ताठ बाई, कुणी म्हणालं वर्ष फुकट गेलं.
मीही सूप ढवळत विचार केला:
तीनशे चाळीस घरं.
त्यांच्यापुढे ही आता कुठल्या तोंडाने उभी राहणार?
त्यांनी कुठे निवडलं होतं हे?

चार वाजता माझ्या टेबलापाशी आली, नाक लाल.
कोरा फॉर्म आहे?
सहा ओळी मावतील एवढा.

दिला. वर अठरा आकडा घातला.
किती पत्ते शिल्लक आहेत, तिने विचारलं नाही.
सकाळचा आकडा माझ्यासमोरच होता.
मी त्यावर वही सरकवली.